तिसरा कीबोर्ड

"सर, यातला कुठला ठेवू?"

थोरवडे सरांच्या टेबलावर तीन कीबोर्ड होते. तिन्ही आटोपशीर, बिनतारी, मेकॅनिकल. श्रीरंगने ते पुण्याहून कराडला आणले होते, प्रत्येक वेगळ्या फडक्यात गुंडाळून.

सरांचा टायपिंग क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. बाकं गेली, मशीनं गेली, दारावरची पाटी तेवढी राहिली. श्रीरंग हा त्या क्लासचा सगळ्यात वेगवान विद्यार्थी. लोक हे विसरले असतील, तो स्वतः विसरला नव्हता.

"मला यातलं काय कळतं?" सर म्हणाले.

"सोपं आहे, सर. प्रत्येक बटणाखाली एक स्विच असतो. याचा टणक वाजतो. याचा जरा दबका. या दोन्हींच्या मधला हा तिसरा. बाजूचे आकडे काढून टाकलेत, म्हणून लहान. ब्लूटूथवर चालतात, कुठेही घेऊन बसा…"

सरांनी सगळं ऐकून घेतलं. विद्यार्थी मास्तरला शिकवू लागला की मास्तरने मध्ये बोलू नये, असं त्यांचं मत होतं. विद्यार्थी आपोआप दमतो.

श्रीरंग दमला.

"घरासाठी की ऑफिससाठी?" सरांनी विचारलं.

"घरासाठी."

"घरी काय टाइप करतोस?"

"काहीच नाही."

…

"मला नुसता आवाज हवाय, सर."

सर उठले. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले. क्लासात ते असेच बसायचे, मुलांकडे पाठ करून. कुणाची करंगळी आळशी आहे, कोण चोरून बोटांकडे बघतंय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

"वाजव," ते म्हणाले.

श्रीरंगने पहिल्यावर थोडं टाइप केलं. मग दुसऱ्यावर. तिसऱ्याला हात लावण्याआधी त्याने बोटं शर्टाला पुसली.

"बोला, सर."

"एकच आहे."

"एकच कसा असेल? तिन्हींचे स्विच वेगळे आहेत."

"तिन्हींवर तू आहेस. अजून घाईत."

श्रीरंगला राग आला. इतक्या लांबून यायचं ते हे ऐकायला?

"तुम्ही नीट ऐकलं नाहीत," तो म्हणाला. आवाज चढला होता. "तिसरा विभाचा आहे."

सरांची पाठ हलली नाही.

विभा म्हणजे विभावरी, श्रीरंगची बायको. तीही याच क्लासची. इथेच ओळख, इथेच सगळं जुळलं. लग्नानंतर ती घरी बसून भाषांतरं करायची. यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. श्रीरंगने सरांना फोन केला होता, पण तेव्हा दोघांनाही धड बोलता आलं नव्हतं.

"रोज ती यावरच काम करायची," श्रीरंग म्हणाला. "मी हात लावला की तसा वाजत नाही. वाटलं, बटणं झिजली असतील. तसाच नवा आणून पाहिला. स्विच बदलून पाहिले. आता हे आणखी दोन आणले… मी बाहेर पेपर वाचत बसायचो, आत तिचं चाललेलं असायचं. तेव्हा कधी लक्ष दिलं नाही, सर. आता घर इतकं गप्प असतं, की…"

वाक्य तिथेच राहिलं. त्याला ती हवी होती. स्विचबद्दल बोलणं सोपं पडत होतं, एवढंच.

"तिचं खिडकीजवळचं मशीन," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

"हो."

"ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची. तुम्ही बाकीचे धाडकन कॅरेज ढकलून पुढच्या ओळीवर जायचात. ती थांबायची."

"घरीही थांबायची. कॉम्प्युटरला कुठली घंटी? तरी मध्येच एकदम गप्प व्हायची. मला वाटायचं, उठली वाटतं. आणि मग पुन्हा सुरू."

"का थांबायची?"

"विचारायचं राहिलं."

"माझंही."

…

श्रीरंगने तिसरा कीबोर्ड उचलला आणि पुढे जाऊन सरांच्या मांडीवर ठेवला.

"सर, तुम्हाला सगळ्यांचे हात ठाऊक आहेत. एकदा तिच्यासारखं वाजवून दाखवा. मग मी जातो."

"कशाला?"

"विसरत चाललोय."

हे तो अगदी हळू बोलला. इतके कीबोर्ड विकत घेतले, पण ही गोष्ट त्याने आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हातारी बोटं बटणांवर टेकवली. मग वाजू लागलं.

सावकाश. एकसारखं. शब्द संपला की अंगठ्याचा हलकासा ठोका, आणि पुढचा शब्द.

श्रीरंगने डोळे मिटले. गालांवर पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. ती आत बसली होती. काम करत होती. हाक मारली असती तर ओ दिली असती.

मग आवाज थांबला.

श्रीरंग वाट बघत राहिला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. शेजारी कुकरची शिट्टी झाली. त्याने डोळे उघडले. सरांची बोटं बटणांवरच होती, उचललेली नव्हती.

…

"सर… थांबलात का?"

"थांबलो कुठे?" सर म्हणाले. "तिचंच चाललंय. ऐक."