सव्वाशे पावसाळ्यांची पेटी

मालवणचे निवृत्त पोस्टमास्तर तिरोडकर यांच्याकडे त्यांच्या आजोबांना आलेलं एक पाकीट होतं. त्यावर गावच्या पहिल्या टपाल कचेरीचा शिक्का होता, आणि मास्तरांचा त्यात जीव होता. त्याच पाकिटावर डोळा ठेवून तिकीट संग्राहक मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब घारपुरे ऐन आषाढात घरी आले. अदलाबदलीसाठी त्यांनी व्हिक्टोरिया राणीचं कोरं तिकीट पुढे केलं. मागचा गोंद अगदी काल लावल्यासारखा!

तिरोडकर हरखले. पाकीट द्यायला हात पुढे गेलासुद्धा. चहा-पापड ठेवता ठेवता त्यांच्या पत्नी इंदूताईंनी विचारलं, "इतकी वर्षं हे कुठे होतं हो?"

"बाईमाणसाला काय कळायचं त्यातलं!" रावसाहेब हसले. "आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी, पणजोबांच्या लाकडी पेटीत. सव्वाशे पावसाळे ती जागची हलली नाही!"

"तिकिटातलं मला नाहीच कळत," इंदूताई म्हणाल्या. "म्हणून तिकीट राहू द्या, ती पेटी द्या. डब्याला दोन-दोन फडकी बांधूनसुद्धा माझे पापड आठ दिवसांत सादळतात. सव्वाशे पावसाळ्यांत जिच्यातला गोंद सादळला नाही, त्या पेटीसाठी पाकीटच काय, यांचे सगळे अल्बम घेऊन जा!"

तिरोडकरांनी चमकून तिकिटाच्या पाठीवर बोट फिरवलं. गोंद खरंच कालचा होता. पाकीट परत कपाटात गेलं.

काहीतरी करायचं म्हणून रावसाहेबांनी पापड मोडायला घेतला. तो नुसताच वाकला.