तुळशीची माती

इचलकरंजीतला कापड रंगवण्याचा जुना कारखाना बंद पडला आणि मालक दौलतराव इंगवल्यांनी जागा विकायला काढली. प्रमिलाताई हावळांना तिथे लोणच्याचा कारखाना काढायचा होता. व्यवहार ठरत आला, पण ताई एका गोष्टीवर अडून बसल्या. आधी माती आणि विहिरीचं पाणी तपासायचं, मगच सही.

दौलतरावांचा पारा चढला. जागेवरच चार लोकांसमोर ते म्हणाले, "पंचक्रोशीत माझा शब्द चालतो. जमीन सोन्यासारखी आहे म्हणतोय ना मी? माझ्या जागेत तपासणीचा खड्डा कुणी मारायचा नाही."

"बरं, राहिलं," ताई म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातलं घमेलं उचललं, रंगाच्या हौदाशेजारची माती उकरून भरली आणि दौलतरावांच्या गाडीपाशी नेऊन ठेवली.

"हे काय?"

"तुळशीचं लग्न जवळ आलंय, दादा. वहिनी वृंदावनात नवी माती घालतीलच. यंदा ही घाला. तुळस तरारली की मी न तपासता सही करते."

दौलतराव मागे सरले. "छे, ही कशाला? तुळशीला आम्ही मळ्यातली आणतो."

"मग जी माती तुमच्या तुळशीला चालत नाही, तिच्यातलं पाणी उपसून मी लोकांच्या लोणच्याच्या कैऱ्या धुऊ होय?"

दौलतरावांनी घमेल्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "माणूस कधी पाठवताय खड्डे मारायला?"

"मघापासून फाटकाबाहेर उभा आहे," ताई म्हणाल्या.