कासवाच्या दारातला खांब

एका जंगलात एक कासव राहत असे. राहत असे म्हणतो, कारण चालत ते जवळजवळ नसेच. जंगलात बॅटरीवरच्या गाड्या आल्या, तशी त्यानेही एक घेतली आणि चारी पाय पोटाखाली घेऊन ते मिरवू लागले. हसू नका बाळांनो, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर काढणारे तुमच्या घरीही सापडतील. कासवीण मात्र दूर नदीकाठच्या वाळूत अंडी राखत बसली होती. "नदी फुगली तर गाडी घेऊन या हं. अंडी टेकाडावर न्यावी लागतील, मला एकटीला नाही जमायचं," असे तिने बजावले होते. "गाडी दारात असताना घोर कसला?" असे म्हणून कासव निघून आले होते.

आता गाड्या आल्या म्हणजे चार्जिंग स्टेशन हवे. कोल्हा योजनेचा प्रमुख झाला. विजेतले त्याला ओ का ठो कळत नसे, पण मान फार छान डोलवता येई. माळावर सोलर पॅनेल बसली, टेकडीवर पवनचक्की उभी राहिली. मग चार्जिंगचे खांब कुठे लावायचे यावर सभा भरली. "माझ्या दारात," गवा म्हणाला. "चारचौघांना दिसेल तिथे," मोर म्हणाला. कोल्ह्याने सगळ्यांनाच खूश केले : "सगळे खांब पाणवठ्यावर. संध्याकाळी आपण पाणी पिऊ, गाडी वीज पिईल."

सशाने कान वर केले. "पण दुपारी पॅनेल वीज करतात, तेव्हा गाड्या माळावर नुसत्या उभ्या असतात. खांब तिथेच लावा ना. सूर्य बुडाला, वारा पडला, मग वीज कुठली?"

"गावाकडून आलेली तार आहे की," कोल्हा म्हणाला. "आणि माळावर उद्घाटनाला येणार कोण? तुझे मेव्हणे?" सगळे खो खो हसले. मग कोल्हा वळला. "कासवराव, पाणवठ्यावरच्या त्या तारेच्या डीपीखालीच, त्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीखालीच तुमचं घर. एवढ्या गाड्यांचा भार झेपेल ना तिला?"

कासवाला पक्के ठाऊक होते. चार दिवे लागले तरी ती डीपी म्हाताऱ्यासारखी कण्हत असे. पण नकाशावर पहिला खांब त्याच्याच दारात होता. "झेपेल की," ते म्हणाले, आणि मान आत ओढून घेतली.

नारळ फुटला, पेढे वाटले गेले. सुरुवातीला गाड्या मोजक्याच, म्हणून निभावले. पाहता पाहता घरोघरी गाडी झाली. एका संध्याकाळी बगळा धापा टाकत आला. "कासवदादा, वर पाऊस झालाय. सकाळपर्यंत पाणी वाळूवर येईल. वहिनींनी गाडी मागवलीय." कासवाची गाडी दिवसभर फिरून रिकामी झाली होती. त्याने घाईघाईने ती खांबाला लावली. तेवढ्यात सगळे जंगल पाणवठ्यावर आले आणि ज्याने त्याने आपापली गाडी लावायला घेतली.

"जरा थांबा रे, आज माझी एकट्याची होऊ द्या," कासव गयावया करू लागले.

"आमच्या एका गाडीनं काय होतंय?" गवा म्हणाला. प्रत्येक जण तेच म्हणाला. डीपी कण्हली, गुरगुरली, फाडकन जाळ झाला आणि पाणवठा काळोखात बुडाला.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, झेपेल," अंधारातून कोल्ह्याचा आवाज आला.

कासवाने पाय बाहेर काढले. किती दिवसांत ते चालले नव्हते. दगडगोटे, काटेकुटे तुडवीत ते नदीवर पोचले, तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. वाळू कुठेच नव्हती. नुसते गढूळ पाणी वाहत होते. काठच्या एका खडकावर कासवीण बसली होती. तिने त्याच्या मागे वाटेकडे पाहिले.

"गाडी आणलीत का?" तिने विचारले.

कासवाने मागे वळून पाहिले. लांब माळावर सोलर पॅनेल लखलखत होती. भर दुपारी वीजच वीज होत होती, आणि घ्यायला तिथे कोणी नव्हते.

तात्पर्य : दारात खांब मागण्याआधी त्यात वीज कुठून आणि कोणत्या वेळी येणार ते विचारावे, आणि उत्तर ठाऊक असूनही जो खरे सांगत नाही, त्याच्याच घरापासून अंधार सुरू होतो.