कासवकाकांची जागा

सागवनातल्या महाविद्यालयात सोमवारचा तास नेहमीसारखा चालू होता. घुबडसर फळ्याजवळ पेंगत होते आणि मागच्या बाकावर माकडे शेंगा सोलत होती. तेवढ्यात खार सूचना घेऊन आली. फुटबॉलचा संघ हंगामातले आतापर्यंतचे आठही सामने हरला होता. शनिवारच्या शेवटच्या सामन्यात एकही गुण मिळाला नाही, तर संघ कायमचा बंद करण्यात येईल, असे प्राचार्य हत्तींनी कळवले होते.

मुलांनो, हा संघ वाईट खेळत होता असे समजू नका. हरणाला गाठणे कोणाला जमत नसे आणि कप्तान अस्वलाने मारलेला चेंडू अर्धे मैदान ओलांडून जाई. पण त्यांच्या गोलात कोणीच उभे राहत नसे. तिथे पूर्वी कासवकाका असत. परीक्षेला ते दरवेळी उशिरा पोहोचत, त्यामुळे कित्येक वर्षे कॉलेजातच होते. हंगाम सुरू होण्याआधी ते वारले, आणि त्यांच्या जागी उभे राहायला कोणाचा पाय उचलेना. म्हणून सगळे दहाच जण खेळत आणि हरत. "आज गोलात वारा उभा आहे की धुकं?" असे विचारून ससे हसत.

संघ बंद होणार, हे सांगायला अस्वल कासवकाकूंकडे गेले. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि शनिवारी गोलात कोण आहे, असे विचारले. ती जागा काकांची आहे, असे अस्वल खाली मान घालून म्हणाले.

"अरे, ते तिथे चेंडू अडवायला उभे राहायचे," काकू म्हणाल्या. "तुम्ही ती जागा चेंडूसाठी मोकळी ठेवलीत होय?"

शनिवारी सशांच्या संघासमोर साळिंदर गोलात उभे राहिले. काट्यांनी चेंडू फुटतो म्हणून त्याला आजवर कोणी खेळायला घेतले नव्हते. "पाठ तेवढी फिरवू नकोस रे बाबा," असे सगळ्यांनी त्याला बजावले. त्यानेही पुढच्या पायांनी, छातीने, एकदा तर नाकाने चेंडू अडवला. शेवटच्या मिनिटाला मात्र सशाचा फटका इतक्या जोरात आला की ते घाबरून गर्रकन वळले. फुस्स असा आवाज झाला आणि चेंडू रेषेच्या वीतभर अलीकडे चपटा होऊन पडला.

पंच बगळ्याने एका पायावर उभे राहून बराच विचार केला. "गोल झालेला नाही, आणि दुसरा चेंडूही नाही," तो म्हणाला. "सामना बरोबरीत."

एक गुण मिळाला आणि संघ वाचला. काकूंनी साळिंदराची पाठ थोपटायला पाय उचलला, काटे पाहिले आणि नाकच थोपटले.

आता गोलात रोज साळिंदर असते. काका उभे राहून राहून तिथे एक खळगा पडला आहे, त्याच्या जरा बाजूला ते उभे राहते. मैदान दोनदा सपाट करून झाले. तो खळगा बुजवायचा तेवढा अजून राहिला आहे.

तात्पर्य : गेलेल्याची आठवण जपायची असेल, तर त्याचे काम हाती घ्यावे, आठवणीला शेजारी पुरेशी जागा उरते.