जीप पुढे जाईना, दाणा निघेना

नखाएवढा उंदीर. नाव नखू. त्याच्याकडे एक दाणा होता. भाजलेला, खारा, एकुलता एक. नखूनं तोंड उघडलं. दाणा आत जाणार, इतक्यात आली हुसेनचाचांची जीप.

जीप चाचांहून म्हातारी. धड धड धड फुस्स. धड धड धड फुस्स.

नखूपाशी आली आणि पादली. फट्टाक!

नखू उडाला. दाणाही उडाला. नखू पडला गवतात, दाणा पडला मातीत. दाण्यावर चढलं चाक, आणि जीप बंद पडली. चाचा उतरले. चिंचेखाली आडवे झाले. घुर्र घुर्र.

नखूनं आधी नाक धरलं. मग म्हणाला, "जीपबाई, पुढे जा. माझा दाणा निघेना."

जीप म्हणाली, "माझे प्लग चार. तिघं ठिणगी टाकतात, चौथा टाकत नाही. तो ठिणगी टाकेल, तर मी पुढे जाईन."

नखू तुरुतुरु इंजिनात चढला. चौथा प्लग काळं तोंड करून बसला होता.

"प्लगदादा, ठिणगी टाक. प्लग ठिणगी टाकेना, जीप पुढे जाईना, माझा दाणा निघेना."

प्लग म्हणाला, "वायर करंट आणेल, तर मी ठिणगी टाकीन."

नखू तुरुतुरु वायरीवर गेला.

"वायरताई, करंट आण. वायर करंट आणेना, प्लग ठिणगी टाकेना, जीप पुढे जाईना, माझा दाणा निघेना."

वायर म्हणाली, "डबी करंट देईल, तर मी करंट आणीन."

नखू तुरुतुरु डबीकडे गेला. करंट वाटायची गोल डबी.

"डबीताई, करंट दे. डबी करंट देईना, वायर करंट आणेना, प्लग ठिणगी टाकेना, जीप पुढे जाईना, माझा दाणा निघेना."

डबीनं गाऱ्हाणं सांगितलं. काल चाचांनी जीपला आंघोळ घातली. सगळ्यांना पुसलं, तिला विसरले. तिच्या पोटात अजून पाणी होतं. डुबुक डुबुक.

"चाचा मला पुसतील, तर मी करंट देईन."

नखू तुरुतुरु चाचांच्या पोटावर चढला. पोट वर, नखू वर. पोट खाली, नखू खाली. नखूनं मिशी ओढली. चाचांनी एक डोळा उघडला.

"चाचा, डबी पुसा. चाचा डबी पुसेनात, डबी करंट देईना, वायर करंट आणेना, प्लग ठिणगी टाकेना, जीप पुढे जाईना, माझा दाणा निघेना."

चाचा म्हणाले, "वत्सलामावशी चहा देईल, तर मी डबी पुसीन." आणि डोळा मिटला.

नखू तुरुतुरु मावशीच्या टपरीवर गेला.

"मावशी, चहा दे. मावशी चहा देईना, चाचा डबी पुसेनात, डबी करंट देईना, वायर करंट आणेना, प्लग ठिणगी टाकेना, जीप पुढे जाईना, माझा दाणा निघेना."

मावशी फणकारली. सकाळी चाचा म्हणाले होते, तुझा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. आधी त्यांनी सॉरी म्हणावं.

नखू परत चाचांकडे गेला. चाचा म्हणाले, ते भांडी धुतलेलंच पाणी होतं.

नखू परत मावशीकडे आला. पाय दुखले. पोटात कावळे ओरडले. त्याला रडू आलं. मग राग आला. तो साखरेच्या डब्यावर चढला. आत शेपूट सोडून, काठावर बसला.

"मावशी," नखू म्हणाला, "मला शू आली आहे."

मावशीनं नखूकडे बघितलं. साखरेकडे बघितलं. आणि झटकन पातेलं चढवलं.

नखू खाली उतरला. गवतात जाऊन शू करून आला.

मावशीनं चहात आलं ठेचून घातलं. चाचांनी घोट घेतला. फुर्र. मिशी पुसली. दुसरा घोट घेतला. फुर्र.

"वत्सला," चाचा हळूच म्हणाले, "सकाळी मी चुकलो."

मावशीनं चहा दिला. चाचांनी डबी पुसली. डबीनं करंट दिला. वायरीनं करंट आणला. प्लगनं ठिणगी टाकली. चाचांनी चावी फिरवली.

धड धड धड धड. फुस्स नाही. फट्टाक नाही.

जीप पुढे गेली. दाणा निघाला. चपटा झाला होता. पेट्रोलचा जरा वास येत होता. नखूनं फुंकर मारली. फू फू. आणि टाकला तोंडात. कुरुम कुरुम.

जीप गेली घाटात, दाणा गेला पोटात.