उडत्या सतरंजीचा कंटाळा

“परक्यांची पोरं सतरंजीवर बसली, की आपली पोरं जमिनीवरच राहणार, सांगून ठेवते!”

एकदा काय झालं, हे बोलणं गिरजाच्या कानावर पडलं. पडायला नको होतं. पण नवी सून दाराआड ताक घुसळत असली, की बायकांना वाटतं, हिला हात आहेत, कान नाहीत. बोलत होत्या तिच्या सासूबाई, भागाबाई. माना डोलावत होती सगळी आळी.

आता ही सतरंजी म्हणजे साधीसुधी नव्हे, बरं का! ढगाळवाडीच्या शाळेची सतरंजी उडायची! पोरं बसली, पंतोजींनी टाळी वाजवली, की भुर्रर्र! डोंगर शिकायचा तर डोंगरावर, पाऊस शिकायचा तर थेट ढगात. पोरं चिंब होऊन घरी यायची आणि आयांचा ओरडा खायची.

पण त्या साली सतरंजी खाली खाली उडू लागली. आधी माडांवरून, मग कौलांवरून, मग नुसती कुंपणावरून. त्याच साली समुद्रापलीकडून माणसं आली होती. त्यांचं बेट पाण्यानं गिळलं होतं. इथं ती राजाच्या घाटासाठी दगड वाहायची. त्यांच्यातली एक मुलगी, झिमा, रोज शाळेच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची. तिला सतरंजीवर बसायचं होतं. बस्स, दुसरं काही नाही.

गाव म्हणालं, “आपल्याच ओझ्यानं सतरंजी दमलीय, त्यात यांना कुठं घेता?”

मग पोरांची दप्तरं उतरवली. सतरंजी ढिम्म. मग पाटलांच्या गुबगुबीत नातवाला उतरवलं. तरी ढिम्म. मग पंतोजी स्वतःच उतरले. सतरंजी वीतभर उठली आणि धप्पकन बसली!

गिरजा पाणी आणता आणता बघत होती. पंतोजी रोज तेच विचारायचे, पोरं रोज तेच सांगायची. “सूर्य कुठं उगवतो?” “पूर्वेलाऽऽ!” तेवढ्यात कुंपणाबाहेरून झिमानं विचारलं, “मासे तहानले तर काय पितात?” पोरं खो खो हसली. पण सतरंजीचा तिच्याकडचा कोपरा टुणकन उठला! कुणी पाहिला नाही. गिरजानं पाहिला. अग्गोबाई, सतरंजीला ओझं नव्हतंच झालं. तिला कंटाळा आला होता!

आणि नेमकं त्याच वेळी पाटील गरजले, “उद्यापासून परक्या पोरांनी कुंपणाशीही उभं राहायचं नाही!”

झिमा मान खाली घालून निघाली. मग गिरजानं काय केलं? घागर खाली ठेवली, झिमाचा हात धरला, तरातरा चालत गेली आणि तिला सतरंजीच्या मधोमध बसवलं. तोंडातून एक शब्द नाही!

“अगं अगं!” भागाबाई किंचाळल्या. “अंगाची हळद उतरली नाही, तोवर ही थेरं?”

झिमानं भीत भीत विचारलं, “आमचं बेट बुडालं. मग तिथला वारा आता राहतो कुठं?”

पंतोजींना येईना. पोरांना येईना. पाटलांचा नातूच ओरडला, “चला, बघून येऊ!” आणि टुणकन सतरंजीवर चढला.

भुर्रर्रर्र! कौलं गेली, माड गेले, ढग गेले! खाली निळा निळा समुद्र! पोरं परतली ती खारट केस आणि डझनभर नवे प्रश्न घेऊन.

मग झिमाची भावंडं आली. मग सगळ्या वस्तीची पोरं आली. जितके प्रश्न, तितकी सतरंजी उंच. पाटील वर बघत राहिले, मान अवघडेपर्यंत.

मग एके दिवशी कोण आलं असेल? भागाबाई! पदराचं टोक चावत म्हणाल्या, “मलाही एक विचारायचं होतं गं. केव्हापासूनचं आहे. पण आता कुठली जागा, सगळी भरली.”

तेव्हा गिरजा पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी:

“बसा आत्याबाई. सरका रे सगळे जरा, जागा होते.”

झाली की नाही! आता तुम्हीही सरका, पांघरूण ओढू नका, आणि मिटा बघू डोळे.