संस्थेकडून आलेलं

बोरपिंपळ गावात शाळेला एक भोळा शिपाई होता. नाव म्हादबा. माणूस कष्टाळू, सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. शाळेचं दुर्दैव तेवढंच. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच सूचना मावायची, आणि मावली की तो ती पाळायचाच.

शाळेत पाठ्यपुस्तकांखेरीज वाचायला काही नव्हतं. वर्तमानपत्र यायचं, तेही भेळेच्या पुडीचं. मुख्याध्यापिका ढगेबाईंनी शहरातल्या एका संस्थेकडे अनुदानासाठी खेटे घातले. संस्था म्हणाली, आधी थोडी पुस्तकं पाठवतो. मुलं वाचतात असं दिसलं, तर कपाटभर पुस्तकांसाठी चेक देऊ. त्या चेकपायी बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

पहिला गठ्ठा एसटीने आला. म्हादबाने तो ओट्यावर सोडून ठेवला आणि घंटा द्यायला गेला. तेवढ्यात शेळीने एका गोष्टीचा शेवट खाल्ला.

बाई म्हणाल्या, "अहो म्हादबा, संस्थेकडून आलेलं असं उघड्यावर ठेवतात का? आत ठेवायचं आणि कुलूप लावायचं."

"बरं बाई," म्हादबा म्हणाला. त्याला पटलं.

दोन दिवसांनी मुलांना गोष्टी सांगायला शलाकाताई आल्या. फाटकातच म्हणाल्या, "मी संस्थेकडून आलेय."

म्हादबाने त्यांना अदबीने सामानाच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कुलूप लावलं. बाई दुपारपर्यंत ताईंची वाट बघत बसल्या. ताई आतून दार बडवून हाका मारत होत्या. मुलांना वाटलं गोष्ट सुरू झाली. ती दाराबाहेर मांडी घालून ऐकत बसली. काहींना ती फार आवडली.

"अहो, माणसाला कोंडतात होय?" बाई म्हणाल्या. "संस्थेकडून कुणी आलं की सतरंजीवर बसवायचं. तांब्याभर पाणी द्यायचं."

"बरं बाई." त्याला हेही पटलं.

मग दुसरा गठ्ठा आला. म्हादबाने सतरंजी अंथरली. पुस्तकं रांगेत बसवली आणि एकेकाला तांब्याभर पाणी दिलं. शब्दकोशाला दोन तांबे दिले. तो अंगाने मोठा होता.

बाई पायरीवर मटकन बसल्या. त्यांना रडूच आलं.

"म्हादबा, ही पुस्तकं मुलांची होती हो."

"मला काय ठावं, बाई? तहानलेली वाटली."

"आता नीट ऐका. संस्थेकडून जे येईल ते मुलांचं. माझं नाही, तुमचं नाही. हातात पडलं की लगेच मुलांत वाटून टाकायचं. सगळ्यांना सारखं. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको."

"असं आधी सांगायचं की," म्हादबा म्हणाला.

मुलांनी पुस्तकं उन्हात वाळवली. पानं चिकटू नयेत म्हणून एकेक पान उलटावं लागलं. उलटता उलटता पोरं वाचत सुटली. शेळीने खाल्लेला शेवटही त्यांनी मनाने जोडला, प्रत्येकाने वेगळा.

शनिवारी संस्थेचे मोकाशी साहेब पाहणीला आले. पोरं पापडासारखी फुगलेली पुस्तकं घेऊन घडाघडा वाचू लागली. एक पोरगं शब्दकोशसुद्धा गोष्ट म्हणून वाचत होतं. साहेब चाट पडले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"बाई, हा तुमचा चेक. सोमवारी बँकेत भरा. यंदा दुसरा निघायचा नाही, तेवढा जपा."

बाईंनी पाकीट घेतलं. साहेबांना गाडीपर्यंत पोचवायला जायचं होतं. त्यांनी पाकीट म्हादबाकडे दिलं. "म्हादबा, सांभाळा हं. हे संस्थेकडून आलंय."

"काळजीच सोडा, बाई," म्हादबा म्हणाला.

साहेबांची गाडी धुरळा उडवत गेली. बाई वर्षात पहिल्यांदाच गुणगुणत परत आल्या. वर्गात सगळी पोरं शिस्तीत बसली होती. म्हादबाच्या एका हातात पट्टी होती, एका हातात कात्री. प्रत्येक पोराच्या तळहातावर नखाएवढा कागद होता.

"चेक कुठंय?" बाईंनी हळूच विचारलं.

"वाटला की. पट्टीनं मापून, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही." म्हादबाने टोपीतून एक तुकडा काढून बाईंपुढे धरला. "पाटलांची सुमन आज ताप आला म्हणून घरी हाय. तिचा वाटा ठेवलाय. सहीचा तुकडा हाय, बाई, पोरगी खूश व्हईल."